जुन्या, उचललेल्या थारला मोठे टायर: खिशाला झेपेल अशी तयारी

टायरवाल्याला फोन करण्याआधी खडू आणि टेप घ्या आणि गाडीखाली शिरा. 2010 साली आलेल्या महिंद्राच्या सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल) थारला कंपनीचे टायर 235/70 आर16 होते: रुंदी 235 मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 70 टक्के, रिम 16 इंची. म्हणजे साधारण 735 मिमी उंचीचे. जुन्या गाडीवर मात्र मागच्या मालकाने काय बसवलंय याचा भरवसा नसतो. म्हणून साइडवॉलवरचा (टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा) आकार, रिमच्या आत कोरलेली रुंदी, ऑफसेट (रिम मध्यापासून किती आत किंवा बाहेर बसतो), छिद्रांची संख्या आणि पीसीडी (त्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास) हे सगळं लिहून घ्या. स्टेपनीचं वेगळं लिहा, कारण पाचवा रिम दुसऱ्याच गाडीचा निघणं ही जुन्या जीपमधली नेहमीची गंमत आहे.

मग लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करण्यासाठी केलेला बदल, नक्की कशी केली आहे ते पाहा. या थारला पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आणि मागे पाटे आहेत. स्वस्तातली लिफ्ट बहुतेक वेळा पुढचा टॉर्शन बारचा बोल्ट आवळून आणि मागे लांब शॅकल (पाट्याला चासीशी जोडणारी कडी) घालून केलेली असते. बोल्ट जास्त आवळला की चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या जॉइंटचं रबरी बूट फाटायला लागतं. बूट फाटलेलं असेल, बॉल जॉइंटला खेळ असेल किंवा चाक हातांनी वर-खाली हलवल्यावर बेअरिंग खडखडत असेल, तर टायरचे पैसे आधी तिकडे घाला. जड टायर हीच दुखणी आणखी वेगाने वाढवतात.

इथेच सगळ्यांची एक चूक होते. ‘दोन इंच लिफ्ट आहे, म्हणजे दोन इंच मोठा टायर बसेल’ हा हिशेब खोटा आहे. लिफ्टमुळे मडगार्डखाली उंची मिळते. वळणाची जागा त्याने वाढत नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चासीला, खालच्या आर्मला किंवा स्टॅबिलायझर बारला घासतो, आणि ते ठरतं टायरच्या रुंदीवर आणि रिमच्या ऑफसेटवर. म्हणून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आतल्या बाजूला किती मिमी मोकळे आहेत ते मोजा. नंतर एक पुढचं चाक दगडावर किंवा रॅम्पवर चढवून, सस्पेन्शन दबलेलं असताना, पुन्हा मोजा. 15 मिमीपेक्षा कमी उरत असेल तर रुंद टायरचा विचार सोडा. वॉशरसारखे स्पेसर लावून जागा करू नका. त्याने चाक बाहेर सरकतं, भार बेअरिंगवर तिरका पडतो आणि स्टडवरचा ताण वाढतो.

आता आकाराचं गणित. 245/75 आर16 ची उंची 774 मिमी येते, 265/70 आर16 ची 777 आणि 265/75 आर16 ची 804. मागच्या डिफरेन्शिअलचा भोपळा (अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) जमिनीपासून वर जातो तो फक्त टायरमुळे, आणि तोही वाढलेल्या उंचीच्या निम्माच. म्हणजे 774 ला 19 मिमी, 804 ला 34 मिमी. या जास्तीच्या 15 मिमीसाठी काय मोजावं लागतं ते बघा. स्पीडोमीटरवर 80 दिसत असताना 774 च्या टायरवर गाडी खरी 84 ने जाते, 804 वर 87 ने. चाकाने जमिनीला मिळणारा जोरही त्याच प्रमाणात, 804 वर सुमारे 9 टक्क्यांनी, घटतो. चढावर अर्धा क्लच धरायची सवय असेल तर क्लच प्लेट लवकर जाते. ब्रेकलाही जास्त वजन थांबवावं लागतं.

आमचा कौल 245/75 आर16 ला. एक तर तो मूळ टायरपेक्षा फक्त 10 मिमी जास्त रुंद आहे, त्यामुळे वळणावर सहसा त्रास देत नाही. दुसरं कारण बाजाराचं आहे. 2020 साली आलेल्या नव्या थारच्या स्टील रिमच्या एएक्स प्रकारच्या गाड्या हाच आकार घेऊन आल्या, त्यामुळे तो दुकानात सहज मिळतो. त्यातून नव्या थारचे हौशी मालक शोरूममधून निघाल्यावर महिनाभरात मूळ टायर काढून मोठे लावतात. ते उतरवलेले, जेमतेम हजार-दोन हजार किलोमीटर चाललेले टायर हा तुमच्यासाठी सगळ्यात चांगला माल. अॅक्सेसरीज लावणाऱ्या दोन-तीन दुकानांत आकार आणि फोन नंबर देऊन ठेवा. पाचचा संच मागा, चारचा नको.

परदेशी मड-टेरेन (खास चिखलासाठीचे) टायर महाग का, असं विचाराल तर जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात मुक्त वर्गातून निर्बंधित वर्गात टाकली. तेव्हापासून काही आकार मिळेनासे झाले. त्यामुळे आधी देशी ऑल-टेरेन (सगळ्या वाटांवर चालणारे) बघा: अपोलो अॅप्टेरा, सिएट क्रॉसड्राइव्ह, एमआरएफ वाँडरर. साइडवॉलवर आयएसआयची खूण हवी. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) जुन्या टायरपेक्षा कमी नको. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 105 म्हणजे 925, 109 म्हणजे 1030.

नक्षी कुठली घ्यायची हे गाडी कुठे फिरते त्यावर. मावळ-मुळशीच्या पावसाळी वाटांवर लाल चिखलाखाली दगडाचा कठीण थर लागतो. तिथे ऑल-टेरेन हवा कमी केल्यावर बरा चालतो. मराठवाडा-विदर्भातली काळी माती मात्र वेगळं प्रकरण आहे. ती नक्षीत गच्च भरते आणि दहा मिनिटांत ऑल-टेरेनचा गुळगुळीत रोलर होतो. तिथे मोठ्या फटींचा मड-टेरेनच लागतो. तो डांबरी रस्त्यावर घोंघावतो, ओल्या घाटात कमी पकडतो आणि लवकर झिजतो. वर्षातले तीनशे दिवस गाडी ऑफिसला जात असेल तर काळ्या मातीसाठी हट्ट धरू नका. सह्याद्रीतला बेसॉल्ट मात्र कुठल्याही टायरची साइडवॉल चिरतो, तेव्हा साइडवॉल जाड असण्याला नक्षीइतकंच महत्त्व द्या.

वापरलेले टायर बघायला जाताना व्हर्निअर (नक्षीची खोली मोजायला), टॉर्च आणि ओलं फडकं न्या. फडकं आधी फिरवा: काळ्या पॉलिशखाली बारीक तडे दिसतील. साइडवॉलवर DOT (डीओटी) लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा; 2219 म्हणजे 2019 चा 22 वा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर खोल नक्षीचा असला तरी नको, कारण कडक झालेलं रबर ओल्या दगडावर साबणासारखं सरकतं. मग आतून पाहा. रिमवरून न उतरवता दाखवणाऱ्याला नमस्कार करून निघा. आतल्या बाजूला गोल घासल्याची रेघ किंवा रबराचा काळा भुगा असेल, तर तो हवा नसताना चालवलेला आहे आणि तो टायर मेला. बीडची (टायरच्या रिमला बसणाऱ्या कडेची) तार उघडी पडलेली नको, साइडवॉलला फुगा किंवा पॅच नको. नक्षी तीन ठिकाणी मोजा. कायद्याने 1.6 मिमी चालते, पण चिखलात 3 मिमीखाली काही उरत नाही. म्हणून किमतीला (नक्षी वजा 3) ने भागा. समजा 6 मिमीचा जुना टायर 6,000 ला आणि 11 मिमीचा नवा 11,000 ला मिळतोय, तर जुन्याचा मिलिमीटर 2,000 ला पडतो आणि नव्याचा 1,375 ला. स्वस्त कोण ते दिसलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घासाघीस करतानाही हा भागाकार डोक्यात ठेवा.

सगळ्यात स्वस्त वाटणारा पर्याय म्हणजे टाटा 407 ला लागणारा 7.50-16. उंची भरपूर, नक्षी खोल, कुठेही मिळतो. पण तो कित्येक टन ओझ्यासाठी बांधलेला, बहुधा 16 प्लायचा, म्हणजे खूप कडक टायर आहे. हलक्या थारखाली तो दबत नाही, त्यामुळे दगडावर गाडी उड्या मारते. शिवाय तो ट्यूबचा. हवा खूप कमी केली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो. त्याला रिमही वेगळा लागतो. शेतातून खडी-वाळू ओढायची असेल तर ठीक. रिसोल केलेले टायर घेणार असाल तर ते फक्त मागे लावा, हमरस्त्यावर वेग 60 च्या आत ठेवा, आणि चारही चाकांचा घेर खडूची खूण करून एका फेऱ्यात मोजा. पुढच्या-मागच्या घेरात फरक असेल आणि कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लागलं, तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आतल्या आत पिळली जाते.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल मूळ रचनेतल्या बदलांबाबत कडक आहेत. मडगार्डबाहेर डोकावणारा टायर आधी डोळ्यात भरतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि जुना संच सहा महिने तरी विकू नका.

बसवताना नवे वॉल्व्ह, पाचही चाकांचं बॅलन्सिंग आणि त्यानंतर अलाइनमेंट असाच क्रम ठेवा. एका चाकाला 100 ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बसवायला सांगा. रस्त्यावर हवा 30 पीएसआयपासून सुरू करा, चिखलात 18 पर्यंत उतरा. 15 च्या खाली साध्या रिमवरून बीड सुटतो. पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा. मागच्या दारावर स्टेपनी असेल तर बिजागऱ्या तपासा. आणि कंपनीचा जॅक एकदा घरीच लावून बघा: लिफ्ट आणि मोठा टायर मिळून तो बहुतेक वेळा चाक उचलण्याआधीच संपतो. तेव्हा सागवानी फळीचे दोन ठोकळे आणि 5 टनी बॉटल जॅक सीटखाली टाका.