कोरांटीची फांदी लावताना

निळी किंवा पांढरी कोरांटी रोपवाटिकेत मिळेलच असं नाही. कुणाच्या अंगणात दिसली तर सरळ फांदी मागून घ्या. सोलापुरात त्यासाठी श्रावण-भाद्रपद गाठा, उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे गेला की फांदी तग धरत नाही. फांदी फार कोवळी नको, फार जूनही नको: शेंडा हिरवा, बुडाशी तपकिरी होऊ लागलेली, 10-12 सेंटीमीटरची. पेराच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली कापा, खालची पानं आणि सगळ्या कळ्या काढा. आपली काळी माती इथे अजिबात नको, ती पाणी धरते नि देठ कुजतो. धुतलेली वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घ्या, त्यात फांदी खोचा. फांदीवर कापलेली प्लास्टिकची बाटली उपडी घालून सावलीत ठेवा. नवं पान फुटलं म्हणून उपटून बघू नका! बरेचदा पान आधी येतं, मुळं मागून. हलकेच ओढल्यावर फांदी अडली, की कुंडीत हलवा.