पाणी, तेल आणि काळी माती : बागेतलं वाफेचं इंजिन चालवताना या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर चार जुनी इंजिनं आली, बागेतल्या छोट्या रुळावर खऱ्या वाफेने धावणारी. चौघांच्या मालकांची तक्रार एकच : "काका, कालपर्यंत मस्त चालत होतं." त्यांतल्या दोघांत बिघाड काहीच नव्हता, लुब्रिकेटरमध्ये, म्हणजे सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या डबीत, तेलाच्या जागी पाणी साचलं होतं. तिसऱ्यात स्कूटरचं तेल निघालं. चौथ्याची गोष्ट मोठी आहे, ती पुढे सांगतो.

नागपूरकराला छोट्या लाईनचं वेड असणं साहजिक आहे. इतवारीहून सुटणारी अडीच फुटी रुळांवरची गाडी ज्यांनी पाहिली, त्यांच्या कानातून ती शिट्टी जात नाही. नागभीडची गाडी २०१९ साली बंद झाली, तेव्हापासून माझ्याकडे येणारे वाढलेत. मोतीबागेतलं नॅरोगेज म्युझियम २००२ पासून आहे. तिथे रविवारी पोरांना नेलं की बापच जास्त वेळ इंजिनापाशी रेंगाळतात. मग कुठून तरी जुनं छोटं इंजिन मिळवायचं, घासूनपुसून चकचकीत करायचं आणि त्याच संध्याकाळी वाफ धरायला बसायचं. इथेच सगळं बिघडतं.

काळ्या मातीवर रूळ टाकणं

आधी माझीच चूक सांगतो, म्हणजे पुढे इतरांना बोलायला मी मोकळा.

बागेतल्या रुळांबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांचं. त्यांच्याकडे गोठलेलं पाणी जमीन फुगवतं. आपल्याकडे ते काम कापसाची काळी माती करते, आणि मन लावून करते. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते, दरवर्षी.

मी पहिला रूळ जानेवारीत टाकला. जमीन कडक, पाय आपटला तरी हलेना. विटा मांडल्या, त्यांवर ४५ मिलिमीटर गेजचा (दोन रुळांमधलं अंतर) पितळी रूळ, २२ मीटरचा घेर. गवंड्याच्या लेव्हल पाईपने तपासलं आणि स्वतःवरच खूश झालो. मे महिन्यात लिंबाच्या झाडाजवळच्या वळणाला मूठ आत जाईल अशी भेग पडली. वरून रूळ जिथल्या तिथे दिसत होता, खालची वीट मात्र एका अंगाने बोटभर खचलेली. इंजिन स्पिरिटवर चालणारं होतं. वळणावर आलं, बाहेरच्या बाजूला कललं आणि आडवं झालं.

सकाळचे साडेअकरा. स्पिरिटची ज्योत मुळातच फिकी निळी, मेच्या उन्हात ती दिसतच नाही. मला वाटलं पडताना विझली. इंजिन उचलायला वाकलो तर शेजारची लिंबाची वाळकी पानं कडेने काळी पडून आपोआप मुरडत होती. धूर नाही, जाळ नाही, आवाज नाही. एक पान, मग त्याच्या पलीकडचं पान. हात मागे घेईपर्यंत मनगटावरचे केस गेले होते. बायको कुंड्यांना घालायची बादली घेऊन बाहेर आली म्हणून कुंपणाची वाळकी मेंदी वाचली. स्पिरिट पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी ओतलं की ते पातळ होऊन विझतं. तेव्हापासून भरलेली बादली जागेवर ठेवल्याशिवाय मी काडी ओढत नाही आणि कोणाला ओढू देत नाही.

त्या पावसाळ्यात सगळा रूळ उचलला. दीड फूट काळी माती उपसून बाहेर काढली, सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम भरला, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकला. वर चार इंची काँक्रीटची पट्टी, पट्टीवर बारीक गिट्टी. लिंबाचं आळं रुळापासून तीन फूट लांब सरकवलं, कारण एका बाजूला रोज पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं असलं की माती तिरपीच फुगणार. खर्च इंजिनापेक्षा जास्त झाला का? जवळजवळ. पण आजही मी वर्षातून दोनदाच लेव्हल पाहतो, मेच्या मध्यावर आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. तेव्हा हत्यारं पूजेसाठी निघालेलीच असतात. खऱ्या लाईनीवर रेल्वेचा माणूस, कीमन, रोज रूळ पायी तपासतो. आपल्याला दोनदाचाही कंटाळा.

याच प्रकारातली धाकटी चूक म्हणजे रुळांच्या जोडांत फट न ठेवणं. मीटरभर पितळ दर अंशाला ०.०१९ मिलिमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर असलेला रूळ मेच्या दुपारी ६० वर सहज जातो. १० मीटरला साडेनऊ मिलिमीटर झाले. त्यांना जागा दिली नाही तर रूळ नागमोडी होतो. २०२४ च्या मे महिन्यात एका स्वयंचलित यंत्राने नागपुरात ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, मग सेन्सर चुकल्याचं निघालं. आपल्या रुळावर ५६ म्हणजे साधी दुपार. मी जोड करताना मधे जुनं एटीएम कार्ड धरतो आणि मग काढून घेतो. थंडीत जोडत असलो तर दोन कार्डं.

चढ किती चालेल, हे नेहमी विचारतात. शून्य. वाफेचं इंजिन चढावर दम टाकतं आणि उतारावर उधळतं. शंभराला एक एवढा चढसुद्धा डबे जोडल्यावर जाणवतो.

लुब्रिकेटर : दहा सेकंदांचं काम, तेच राहतं

यात कसलंही यंत्र नाही, म्हणून लोकांना ते कळत नाही. छोटीशी डबी, तिच्यातून जाणाऱ्या वाफेच्या नळीला बारीक भोक. वाफ डबीत शिरते, थंड होऊन पाणी होते. पाणी जड, ते तळाला बसतं आणि तेवढंच तेल वर ढकलून वाफेसोबत सिलिंडरात पाठवतं. म्हणजे फेरी संपली की डबीत तेल नसतं, पाणी असतं. ते काढलं नाही तर पुढच्या फेरीत तेल जाणार कसं? झाकण उघडलं की वर तेलाचा तवंग दिसतो आणि माणूस म्हणतो, "आहे की भरलेलं."

माझी सवय अशी : इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, प्रेशर गेजचा काटा शून्यावर आहे हे बघायचं, मग तळाचा स्क्रू सोडायचा. तळाला स्क्रू नसेल तर सिरिंज बुडापर्यंत घालून ओढायची. आधी स्वच्छ पाणी येतं, मग ताकासारखं पांढरट, शेवटी काकवीसारखं दाट तेल. काकवी दिसली की बंद. पुन्हा काठोकाठ तेल. चालत्या इंजिनाच्या धुराड्यावर, हातभर वरून, कागद धरून पाहा. तेलाचे बारीक ठिपके पडले तर सगळं ठीक. कागद धरायचा, तोंड न्यायचं नाही. थंड सिलिंडरातलं पाणी पहिल्या दोन-चार चाकफेऱ्यांत धुराड्यातून उकळतंच बाहेर येतं.

आणि तेल म्हणजे स्टीम सिलिंडर ऑइल, ४६० ग्रेडचं. स्कूटरच्या तेलात मळ सोडवणारी द्रव्यं असतात, ती पाण्याशी मिसळून त्याचा फेस करतात आणि पिस्टन कोरडाच राहतो. "औद्योगिक तेलाच्या दुकानात वीस लिटरची बादलीच देतात," ही तक्रार मला पाठ आहे. चौघांत मिळून घ्या. एका वेळी ५ मिलिलिटर धरले तरी चार हजार वेळा पुरेल. वीस हजारांचं इंजिन घेताना हात आखडत नाही, तेलाला आखडतो.

पाणी न बघता पुन्हा गॅस भरणं

आता ते चौथं इंजिन. नागपूरच्याच सदर भागातला एक पोट्टा, हुशार, हाताला चांगला. जुनं गॅसवरचं इंजिन त्याने स्वतः खोलून, रंगवून उभं केलं. भाच्याच्या वाढदिवसाला अंगणात तात्पुरता रूळ मांडला आणि मला बोलावलं. पहिली फेरी सुरेख झाली. गॅस संपला, इंजिन थांबलं. पोरं ओरडायला लागली, "अजून एक चक्कर मार ना दादा!" त्याने गॅस भरला. मी म्हटलं, पाणी? तो म्हणाला, "काका, सकाळीच तं काठोकाठ भरलं होतं ना." मी प्लेटमधला समोसा संपवत बसलो. ही माझी चूक.

बहुतेक गॅसवरच्या इंजिनांत एका टाकीचा गॅस बॉयलरमधल्या पाण्याच्या आधी संपतो, कारण बनवणाऱ्याने टाकी मुद्दाम त्या मापाची ठेवलेली असते. गॅस संपणं म्हणजे "आता पाणी बघ" असा निरोप. तो न वाचता दुसरी टाकी भरली की त्या टाकीच्या दुसऱ्या अर्ध्यात बॉयलर कोरडा पडतो. झालंही तसंच. काटा खाली यायला लागला, इंजिन मंदावलं. पोट्ट्याला वाटलं आंच कमी पडतेय, म्हणून त्याने बर्नर मोठा केला. मग रंग जळल्याचा वास आला. बॉयलरवरचा हिरवा रंग पापडासारखा फुगला आणि रुळाखालच्या पुढच्या स्लीपरवर एक चकचकीत थेंब पडला. दुसरा पडला. मी वाफेचं पाणी समजलो होतो. ते झाळण होतं.

आधीच्या कुणा मालकाने बॉयलरचा एक जोड कथलाच्या झाळणाने बुजवला होता. पाणी असेपर्यंत असा जोड वर्षानुवर्षं टिकतो. चौरस इंचाला ४० पौंड दाबालाही आतली वाफ १४१ अंशांच्या आसपास असते आणि कथील-शिशाचं झाळण वितळायला १८३ तरी लागतात. पाणी संपलं की हा हिशेबच संपतो. म्हणून बॉयलरला चांदीचा डाकच हवा, तो वितळायला सहाशेच्या वर अंश लागतात.

गॅस बंद केल्यावर त्याने पहिली गोष्ट काय केली असेल? थंड पाण्याची सिरिंज उचलली. मी हात धरला. तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये पाणी सोडलं की त्याची क्षणात वाफ होते, आणि आधीच सैल झालेला जोड कुठल्या दिशेने उडेल ते सांगता येत नाही. आग बंद करायची, पोरांना लांब करायचं आणि इंजिन आपोआप निवेपर्यंत हात लावायचा नाही. अर्धा तास केक खा.

माझ्याकडे खिशात एक छोटी वही असते. पाणी किती मिलिलिटर घातलं, गॅस कितीदा भरला, रेघ ओढायची. लोक हसतात. हसू देत.

गॅसबद्दल आणखी थोडं, कारण हे नागपूर आहे. २० अंशांना ब्यूटेनचा दाब गेजवर साधारण १ बार असतो, ४५ ला तो ३ च्या पुढे जातो. उन्हात ठेवलेल्या इंजिनाचा बर्नर मग भुरभुर आवाज करत ज्योत फेकतो, विझतो आणि आपण जेटला, म्हणजे गॅस येतो त्या बारीक भोकाला, दोष देतो. सावलीत चालवा, एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत आवरा. टाकी भरली जात नसेल तर गॅसच्या डब्याशी कुस्ती खेळू नका, टाकीवर ओलं फडकं दोन मिनिटं ठेवा. डबा गरम आणि टाकी थंड असली की गॅस आपणहून उतरतो. जेट खरंच तुंबला असेल तर सुई घालायची नाही, भोक मोठं होतं. उलट्या बाजूने हवा मारा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

बोअरचं पाणी : नाही. महिन्याभरात बॉयलरमध्ये चुन्याचा थर. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण सीलबंद बाटलीच घ्या. बॅटरीच्या दुकानातली उघडी बाटली घ्यायची नाही, तिथे ॲसिडही अशाच बाटल्यांत असतं.

सेफ्टी व्हॉल्व्ह "जरा लवकर उडतो" म्हणून आवळणं : असं करणाऱ्याला मी अंगणात येऊ देत नाही.

ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) काळी आहे म्हणून कोणतीही बसवणं : नळवाल्याकडची साधी नायट्रिल रबराची वाफेत कडक होऊन तडकते. व्हायटन रबराची मागा.

बॉयलरभोवतीची जुनी पांढरी दोरी किंवा पुठ्ठा घासून काढणं : जुन्या इंजिनांत ती ॲस्बेस्टॉस असू शकते. कोरडी खरवडू नका.

शोभेचं इंजिन चालवायचा प्रयत्न : जुन्या वस्तूंच्या दुकानातली काही इंजिनं फक्त कपाटात ठेवायला बनवलेली असतात. बॉयलर पत्र्याचा, सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे नुसता पितळी मणी. ती कपाटातच राहू द्या.

जागचं हलेना म्हणून चाकं हाताने जोरात फिरवणं : सिलिंडरात पाणी अडकलेलं असतं, पाणी दबत नाही, दांडा वाकतो. हळूहळू मागेपुढे करून ते बाहेर काढा.

दुरुस्तीनंतर लगेच आग लावणं : आधी नुसती चाकं-सिलिंडर तेल घालून हवेवर अर्धा तास चालवा, १५ पौंडांवर, मोटारीच्या टायरचा छोटा कॉम्प्रेसर पुरतो. पण बॉयलरची चाचणी हवेवर कधीही नाही. ती पाण्यानेच, थंड, आत हवेचा बुडबुडासुद्धा न ठेवता, चालवायच्या दाबाच्या दुप्पट. पाण्याखालचा जोड फुटला तर पाणी टपकतं. हवेखालचा फुटला तर तुकडे उडतात. आपल्या इंजिनांचे बॉयलर २५ लिटरच्या आतले, म्हणून बॉयलर कायद्याचा इन्स्पेक्टर ते बघायला येत नाही. बघायचे आपणच.

सदरच्या त्या पोट्ट्याचं इंजिन अजून माझ्याकडेच आहे. इतवारीतल्या एका सोनाराने नवा डाक दिलाय, त्याच्या हातासारखा हात मला नाही. परवा हातपंप जोडून ८० पौंडांवर ठेवलं, बारा मिनिटांत काटा दोन रेघा खाली. धुराड्याच्या बुडाशी टाचणीच्या टोकाएवढा ओलावा होता. पुन्हा सोनाराकडे. पोट्ट्याचा कालपासून तिसरा फोन, "काका, रविवारपर्यंत होऊन जाईन ना?" वीस मिनिटं काटा हलला नाही की मी कळवतो, असं सांगितलंय. कोणत्या रविवारी, ते त्याने विचारलं नाही.