मीटिंगचं ॲप घेताय? आधी गावातल्या फोनवर चालवून पाहा

डाळ मिल असो, जिनिंग असो, नाहीतर चार गावचं सोयाबीन गोळा करणारी शेतकरी कंपनी असो, धंदा वाढला की माणसं विखुरतात. मालक वर्ध्याला, मुनीम मिलवर, खरेदीवाला पोरगा समुद्रपूरकडे, सीए नागपुरात अन् माल घेणारी पार्टी कोईमतूरला. मग रोज फोनवर तेच तेच चार जणांना चार वेळा सांगा. अशात कोणीतरी म्हणते झूम घेऊन टाकू, दुसरा म्हणते मीट तर फुकट आहे ना बावा, अन् शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं ॲप येते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑफिसातल्या वायफायवर बसून ॲप पारखूच नये, तिथं सगळेच चांगले चालतात. तुमच्या टीममधला सगळ्यात लंगड्या नेटवरचा अन् सगळ्यात जुन्या फोनवरचा माणूस कोण ते शोधा आणि त्याच्या बाजूने पारखा, कारण मीटिंग अडते ती त्याच्यापाशीच.

पहिले मीटिंगा लिहून काढा

ॲपचं नावही काढायच्या आधी एक कागद घ्या अन् महिन्याभरात तुमचं कोणाकोणाशी काय बोलणं होते ते लिहा. खरेदी केंद्रावरच्या पोरांशी सकाळचा भाव ठरवणं, हे दहा मिनिटांचं काम. पार्टीला सॅम्पलचा रिपोर्ट दाखवणं, यात स्क्रीन शेअर लागते. शेतकऱ्यांचं प्रशिक्षण, यात पन्नास-साठ जण येणार अन् अर्धे उशिरा येणार. सीए-बँकवाल्यांशी बोलणं, यात कागद गोपनीय. प्रत्येकापुढे किती लोक, किती वेळ, रेकॉर्डिंग लागते का, समोरचा बाहेरचा आहे की घरचा, एवढं लिहा, बस.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर एक गोष्ट वेगळी लिहा. संचालक मंडळाची बैठक व्हिडिओवर घेता येते, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे, पण अट अशी की कोण हजर आहे ते ओळखता आलं पायजे अन् कामकाज तारीख-वेळेसकट रेकॉर्ड करून साठवता आलं पायजे. म्हणजे रेकॉर्डिंग नसलेलं फुकट खातं त्या कामाचं नाही. बाकी नियम सीएला विचारून घ्या.

या कागदाचा फायदा असा की विकणारा येऊन पन्नास फीचर दाखवायला लागला की तुम्ही कागदावर बोट ठेवून म्हणू शकता, भाऊ, मला हे चार दाखव.

मग नेट मोजा, अन् अपलोड मोजा

आपण सगळे डाउनलोड स्पीड पाहून खुश होतो. व्हिडिओ कॉलमध्ये आपला चेहरा अन् आवाज वर चढवावा लागते, तिथं अपलोड कामी येते, अन् मोबाइल नेटवर अपलोड बहुतेक वेळा डाउनलोडपेक्षा कमीच असते. साधारण ग्रुप व्हिडिओ कॉलला ६०० केबीपीएस ते १ एमबीपीएस इतकं वर अन् तितकंच खाली सलग मिळालं तर काम भागते. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएसही पुरते.

डेटाचा हिशोब सोपा आहे. १ एमबीपीएस सलग तासभर चाललं की ४५० एमबी होतात, वर-खाली दोन्ही धरले की ९००. म्हणजे ज्या पोराकडे रोजचा दीड जीबीचा पॅक आहे त्याचा अर्ध्याहून जास्त डेटा एका तासाच्या मीटिंगमध्ये जाते, अन् मग तो संध्याकाळी कॉलच उचलत नाही, काहून की नेट संपलं. व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ठेवला तर तोच तास ९० एमबीत भागते. म्हणून कोणत्या ॲपमध्ये समोरच्यांचेही व्हिडिओ एका बटणात बंद करता येतात ते पाहाच, नुसता आपला कॅमेरा बंद केल्याने खाली येणारा डेटा वाचत नाही.

स्पीड टेस्ट करताना स्पीडसोबत पिंगचा, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडाही पाहा. आवाज पोचायला १५० मिलिसेकंदापर्यंत लागले तर बोलणं सहज वाटते, त्याच्या फार वर गेलं की दोघं एकाच वेळी बोलतात अन् मग "तुम्ही बोला, नाही तुम्ही बोला" सुरू होते. पिंगमध्ये जाणं-येणं दोन्ही धरलेलं असते, म्हणून तिथं ३०० च्या आत असलं तर ठीक.

अन् एकदा मोजून भागत नाही. दुपारी मोजा, रात्री आठ-नऊला मोजा जेव्हा सगळं गाव रील पाहत बसलेलं असते, जमलं तर पाऊस पडत असताना मोजा. लाइट गेल्यावर तर नक्की मोजा. फायबरचं कनेक्शन असलं तरी घरातला डबा अन् राउटर लाइटवरच चालतात, त्यांना छोटा राउटर यूपीएस लावला तर कॉल तुटत नाही. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, तरी ॲडॉप्टरवर वाचून मगच यूपीएस घ्या. लोडशेडिंग लांबलं की मोबाइल टॉवरची बॅटरीही बसते, म्हणून मिलवर दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट ठेवा. इथं खर्च केलेला पैसा महागड्या ॲपपेक्षा जास्त कामी येते.

तीनच नावं निवडा

तीनच्या वर ॲप तपासायला कोणालाच वेळ नसते. फुकट खात्यांची मर्यादा आज अशी आहे: झूमवर ४० मिनिटं अन् १०० लोक. गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटं, १०० लोक. मायक्रोसॉफ्ट टीम्सचंही फुकट खातं ६० मिनिटं अन् १०० लोकांचंच. व्हॉट्सॲपवर ३२ जणांपर्यंत व्हिडिओ कॉल होते, २०२३ पासून स्क्रीन शेअरही आलं. देशी पाहिजे असेल तर चेन्नईच्या झोहोचं झोहो मीटिंग आहे. जित्सी नावाचं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, ॲपही आहे, पण ते आपल्या सर्व्हरवर चालवायचं तर घरात सर्व्हर सांभाळणारा माणूस पाहिजे, तो नसेल तर त्या भानगडीत पडू नका. या मर्यादा कंपन्या बदलत राहतात, घेण्याच्या दिवशी त्यांच्या साइटवर परत वाचा.

खरेदीच्या पोरांच्या दहा मिनिटांच्या बोलण्याला व्हॉट्सॲप पुरते हे मी कोणालाही छातीठोक सांगीन. त्याला उगाच दुसरं ॲप शिकवत बसू नका. पैसे द्यायचे ते पार्टीसमोरच्या, रेकॉर्डिंग लागणाऱ्या अन् मोठ्या मीटिंगसाठी.

मोठं नाव आहे म्हणून कायम राहीलच असंही नाही. स्काइप एवढं जुनं, तेही मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ ला बंद केलं. म्हणून आपली रेकॉर्डिंग अन् चॅट बाहेर काढून ठेवता येतात का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

आता खरी ट्रायल

बैल बाजारात उभा पाहून कोणी घेत नाही, वखराला जुंपून पाहते. तसंच इथं. प्रत्येक ॲपवर तुमचीच एक खरी मीटिंग घ्या, डेमोवाल्याची नाही. अन् सगळ्या ॲपवर सारखीच माणसं, सारखंच काम, शक्यतो सारखीच वेळ ठेवा, नाहीतर एकावर नेट चांगलं होतं अन् दुसऱ्यावर पाऊस होता एवढंच कळेल.

आधी जॉइन होणं पाहा. सगळ्यात कमी सवय असलेल्या माणसाला, समजा केंद्रावरच्या काकांना, फक्त लिंक पाठवा, फोन करून काही समजावू नका. किती वेळात आले, ॲप टाकावं लागलं का, लॉगिन मागितलं का, फोनची मेमरी भरली म्हणून अडलं का, हे लिहून ठेवा. बाहेरच्या पार्टीला खातं न काढता येता आलं पायजे, ग्राहकाला खातं काढायला लावणं बरं दिसत नाही.

मग आवाज. माझ्या हिशोबाने निम्मे मार्क याचेच. चेहरा अडकला तर चालते, आवाज अडकला की सौदा अडकते. एक माणूस मुद्दाम जिनच्या जवळ नाहीतर थ्रेशरच्या बाजूला उभा करा अन् बोलायला लावा. आता बहुतेक ॲपमध्ये गोंगाट कापायची सोय असते, पण ती कधीकधी गोंगाटासोबत आपला शब्दही कापते. त्याला दहा आकडे वाचायला सांगा अन् इकडे दुसऱ्याला लिहायला सांगा. सात हजार दोनशे अन् सात हजार नऊशे यातला फरक ऐकू आला नाही तर ते ॲप कितीही देखणं असो, आपल्या कामाचं नाही. अन् अर्ध्या लोकांना वायरचा साधा हेडफोन दिला तर कोणत्याही ॲपचा आवाज सुधरते हेही त्याच दिवशी दिसेल.

स्क्रीन शेअर तपासताना नुसतं फोटो दाखवून खुश होऊ नका. कापसाचा रिपोर्ट उघडा, त्यात मायक्रोनेअर (धाग्याच्या बारीकपणाचं माप), धाग्याची लांबी, ओलावा असे बारीक आकडे असतात, अन् समोरच्याला मोबाइलवर बोटाने मोठं करून ते वाचता येतात का विचारा. ओलावा ८ टक्के की १२ टक्के यावर भाव फिरते, तिथं धूसर आकडा चालत नाही. फोनवरूनही शेअर करून पाहा, केंद्रावर लॅपटॉप कुठं असते?

एक सांगतो, माल पारखायला कॅमेऱ्यावर भरवसा ठेवू नका. वायगाव हळदीचा रंग असो की तूरडाळीची चमक, फोनचा कॅमेरा उजेड पाहून रंग आपोआप बदलते. हे कोणतंच ॲप सुधरवू शकत नाही. सॅम्पल कुरिअरनेच जाऊ द्या, व्हिडिओवर भाव बोला.

कॅप्शनच्या, म्हणजे बोललेलं स्क्रीनवर लिहून दाखवायच्या सोयीच्या, यादीत मराठी दिसली तरी आपल्या लोकांना वऱ्हाडीत बोलायला लावून पाहा, पुस्तकी मराठीत नाही. नेट मधेच बंद करून परत चालू करा, माणूस आपोआप परत आत येते की पुन्हा लिंक शोधत बसते ते पाहा. हे शेवटचं बम महत्त्वाचं आहे, आपल्याकडे नेट जाणार हे धरूनच चालायचं.

चावी कोणापाशी

धंदा छोटा असताना कोणीतरी हुशार पोरगा आपल्या पर्सनल जीमेलवर खातं काढते, मीटिंगा त्याच्याच नावाने होतात, अन् तो पुण्याला नोकरीला गेला की रेकॉर्डिंग, लिंका, सगळं त्याच्यासोबत जाते. म्हणून खातं कंपनीच्या ईमेलवर, मालकी कंपनीची, अन् टू-स्टेप लॉगिन चालू. माणूस सोडून गेला तर त्याचं खातं बंद करून त्याची रेकॉर्डिंग दुसऱ्याकडे वळवता येते का, हे ट्रायलमध्येच एकदा करून पाहा.

मीटिंगच्या आत वेटिंग रूम, पासकोड, नको त्याला बाहेर काढणं, स्क्रीन शेअर फक्त होस्टला ठेवणं, एवढं असलं की रोजच्या कामाला पुरे. २०२० च्या एप्रिलमध्ये गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नाही अशी सूचना काढली होती. त्याच वर्षी झूमने बऱ्याच गोष्टी बदलल्या, ऑक्टोबरपासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शनही दिलं, म्हणजे मीटिंगमधले लोक सोडून मधल्या कोणालाच, झूमलाही, बोलणं ऐकता येत नाही. पण ते चालू केलं की क्लाउड रेकॉर्डिंग, म्हणजे झूमच्या सर्व्हरवर साठणारं, होत नाही, म्हणजे दोन्ही हवं म्हटलं तर एका मीटिंगमध्ये मिळत नाही. बँकेचं बोलणं एन्क्रिप्शनवर अन् प्रशिक्षण रेकॉर्डिंगवर, असं वाटून घ्या. रेकॉर्ड करायच्या आधी सगळ्यांना सांगा अन् होकार घ्या, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे.

पैशाचा हिशोब

विकणारा पहिले विचारते, माणसं किती? अन् आपण सांगतो पंचवीस. थांबा. झूमसारख्या ॲपमध्ये पैसे मीटिंग बोलावणाऱ्याचे लागतात, येणाऱ्याचे नाही. पंचवीस जणांत बोलावणारे दोन-तीनच असतात. गूगल वर्कस्पेसमध्ये मात्र जेवढे ईमेल तेवढे पैसे, त्यात ईमेल अन् साठवण पण येते, म्हणून त्याची तुलना सरळ आकड्याला आकडा लावून होत नाही. वर्कस्पेसच्या सगळ्यात स्वस्त बिझनेस प्लॅनमध्ये मीटचं रेकॉर्डिंग नाही, त्याच्या वरच्यात आहे. असे खाचखळगे प्रत्येक ॲपमध्ये आहेत, म्हणून तुमच्या कागदावरच्या चार गोष्टी नेमक्या कोणत्या प्लॅनमध्ये येतात ते लेखी मागा.

बिल रुपयात येते की डॉलरमध्ये, हे विचारा. जीएसटी १८ टक्के लागते, खात्यात जीएसटी नंबर टाकला तर इनपुट क्रेडिटचा विषय होते, बाहेरच्या कंपनीचं बिल असलं तर रिव्हर्स चार्ज निघू शकते, दोन्ही सीएला दाखवा. वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसते पण पहिले महिन्याचाच घ्या, अन् तो महिना सीझनमधला निवडा. कापूस यायला लागल्यावर जे टिकते ते उन्हाळ्यात टिकतेच.

घ्यायच्या आधी त्यांच्या मदतीच्या नंबरवर शनिवारी संध्याकाळी एक फोन लावून पाहा. कोण उचलते, हिंदी-मराठीत बोलते का, की नुसतं ईमेल करा म्हणते, हे तिथंच कळते.

मार्क कसे द्यावे

मी शंभरातले पन्नास आवाज अन् तुटून परत जुळण्याला देतो, वीस सोपं जॉइन होण्याला, पंधरा खात्याच्या ताब्याला, दहा पैशाला, अन् उरलेले पाच बाकी सगळ्या फीचरला मिळून. पैशाला दहाच काहून? तर दोन-तीन लायसनमध्ये फरक असून असून किती असणार, एक गाडी माल चुकीच्या भावात गेला तर त्याहून जास्त जाते. मार्क मालकाने एकट्याने देऊ नये, केंद्रावरच्या काकांचा कागद वेगळा घ्या अन् दोघांचं जुळत नसेल तर काकांचा धरा.

ठरलं की एक मुख्य ॲप, एक आडवेळेचं, अन् कॉल तुटला तर पाच मिनिटं वाट पाहून ग्रुपमध्ये कोण कोणाला फोन लावेल, हे कागदावर लिहून मिलच्या ऑफिसात चिकटवा. ऑटो-रिन्यूची तारीख मुनीमच्या फोनमध्ये पंधरा दिवस आधीची लावून ठेवा, त्या दिवशी किती लायसन खरंच वापरले ते पाहून उरलेले कमी करा.