द्विमान संख्या शिकण्याआधीची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या मुलांची द्विमान (बायनरी) संख्यांशी, म्हणजे फक्त ० व १ वापरून लिहिलेल्या संख्यांशी गाठ पडते, तेव्हा बहुतेकांच्या हाती ‘दोनने भागत जा आणि बाक्या खालून वर लिहा’ एवढीच कृती दिली जाते. कृती बरोबर आहे. पण ती का चालते हे उमगायचे, तर काही गोष्टी आधी पक्क्या झालेल्या असाव्या लागतात.

सर्वप्रथम स्थानिक किंमत तपासावी. ४०७ मधील ४ म्हणजे चारशे का, आणि मधले शून्य गाळले तर काय बिघडते, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. सीमाभागातील मुलाची येथे एक सोय आहे: बसच्या पाटीवर कन्नड अंक, मराठी पुस्तकात देवनागरी आणि मोबाइलवर इंग्रजी, असे वाचण्याची सवय असल्याने संख्या वेगळी आणि तिची खूण वेगळी, हे त्याला चटकन पटते. धोकाही त्यातच आहे, कारण द्विमान ही चौथी लिपी आहे असा त्याचा समज होऊ शकतो. त्या तिन्ही लिप्यांत एक घर डावीकडे सरकले की किंमत दहापट होते; द्विमानात ती दुप्पट होते, आणि म्हणूनच ० व १ एवढे दोनच अंक पुरतात. हा फरक स्पष्ट झाल्याशिवाय पुढचे पान उलटू नये.

साहित्य फारसे लागत नाही. चौकटींची वही आणि जाड कागदाची पाच कार्डे पुरेत. त्यांवर १६, ८, ४, २, १ लिहून ती त्याच क्रमाने डावीकडून मांडावीत. उघडे कार्ड म्हणजे १, पालथे म्हणजे ०. एकापासून दुप्पट करत १२८ पर्यंतच्या संख्या पाठ असाव्यात.

उदाहरणे रस्त्यावरच मिळतात. बेळगावच्या गाड्यांचा क्रमांक केए २२, चिकोडीचा २३ आणि बैलहोंगलचा २४. बाविसासाठी १६, ४ आणि २ उघडे ठेवले की १०११० मिळते. त्यात एक मिळवला की १०१११. चोविसाकडे जाताना मात्र घाई करू नये. एक अधिक एक म्हणजे शून्य आणि हातचा एक, असे उजवीकडून करत गेल्यास तीन कार्डे एकामागून एक पालथी पडतात आणि हातचा आठाच्या घरात येऊन ११००० होते. माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत शिकण्याजोगी पायरी हीच आहे. गोकाकच्या ४९ साठी ३२ चे सहावे कार्ड जोडावे लागते: ११०००१. वाचताना अंक सुटे म्हणावेत. १०११० ला ‘दहा हजार एकशे दहा’ म्हणण्याची खोड सुरुवातीलाच मोडावी.

भागाकाराची रीत आता घ्यावी. २२ ला दोनने भागत गेल्यास बाक्या क्रमाने ०, १, १, ०, १ येतात. पहिली बाकी संख्या सम की विषम एवढेच सांगते, म्हणजे ती एकाच्या कार्डाची असते. म्हणून ती सर्वांत उजवीकडे बसते आणि बाक्या खालून वर वाचाव्या लागतात. आलेले उत्तर कार्डांवर मांडून पडताळावे.

इतिहासासाठी जर्मन गणिती लायब्निझने १७०३ मध्ये ० व १ च्या अंकगणितावर लेख प्रसिद्ध केला, एवढे ठाऊक असले तरी चालेल.

संगणकाकडे वळण्यापूर्वी, आठ बिटांचा (० किंवा १ मावणाऱ्या घरांचा) एक बाइट होतो आणि त्यात ० ते २५५ मावतात, हे मुलाने स्वतः बेरीज करून काढलेले असावे. मग युनिकोडमधील, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीतील, अक्षरे घ्यावीत. मराठीतील ‘अ’चा क्रमांक २३०९, म्हणजे १००१०००००१०१, कन्नडमधील ‘अ’चा ३२०५, म्हणजे ११००१००००१०१. कोणकोणती घरे बदलली हे शोधण्यासाठी कार्डांची रांग २०४८ पर्यंत वाढवावी लागेल.