गेमच्या धुनेचा रिमिक्स: करताना आणि मत देताना या चुका टाळा

ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीत एक शिस्त आहे. आधी बंदिशीची अस्ताई (पहिला भाग) आणि अंतरा (दुसरा भाग) पूर्ण, स्वच्छ मांडायचा आणि मगच बढतीला, म्हणजे बंदिश फुलवत नेण्याला, हात घालायचा. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत हे मुलांच्या कानावर लहानपणापासून पडलेलं असतं. पण तीच मुलं लॅपटॉपवर गेमच्या धुनेचा रिमिक्स करायला बसली की अस्ताई गायब होते आणि पहिल्या सेकंदापासून नुसती बढत सुरू होते. मूळ धून कोणती, हे ऐकणाऱ्याला दीड मिनिट कळत नाही. नाहीतर अगदी दुसरं टोक: धून जशीच्या तशी, फक्त वाद्यं बदललेली. ओळखीतली मुलं आपापल्या फाइली मला ऐकवायला आणतात. त्यांत त्याच त्या चुका दिसतात, म्हणून त्या एकदा नीट लिहून काढतोय.

धून उतरवून घेतानाच होणारी गडबड

इथे चुकलं की पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

बहुतेकजण खेळाचा व्हिडिओ लावतात आणि ऐकून सूर काढतात. जुन्या ८ बिट यंत्रांच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉममध्ये आवाजासाठी एकूण पाच वाहिन्या होत्या: दोन पल्स, एक ट्रँगल (ही नावं आवाजाच्या लाटेच्या आकारावरून), एक नॉइज (खरखर) आणि एक सॅम्पलसाठी (रेकॉर्ड केलेल्या छोट्या तुकड्यांसाठी). उडीचा, नाण्याचा, गोळीचा आवाजही यांतूनच जायचा. उडी मारली की त्या वाहिनीवरचा धुनेचा सूर तेवढ्यापुरता गिळला जातो. व्हिडिओवरून उतरवलेल्या धुनेत अशी भोकं राहतात आणि मग ती अंदाजानं भरली जातात. त्याऐवजी त्या गेमची एनएसएफ फाइल, म्हणजे गेममधून फक्त संगीत वेगळं काढलेली फाइल, घ्या. तिच्यात खेळाचा गोंगाट मध्ये येत नाही, आणि ती वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकेक वाहिनी बंद करून ऐकता येते. फक्त ट्रँगल चालू ठेवला की बेसची ओळ एकदम उघडी पडते. सुपर निन्टेन्डोसाठी एसपीसी आणि मेगा ड्राइव्हसाठी व्हीजीएम फाइली असतात.

वाहिन्या सुट्या करून ऐकल्यावर आणखी दोन गोष्टी लक्षात येतील. एक म्हणजे आर्पेजिओ. एका पल्स वाहिनीवर एका वेळी एकच सूर वाजतो, म्हणून संगीतकार कॉर्डचे तीन सूर इतक्या वेगानं आळीपाळीनं वाजवायचे की कानाला तो एकच थरथरता आवाज वाटावा. हा प्रकार तसाच्या तसा पियानोवर किंवा सतारीवर ठेवला तर तो यंत्रानं बडवल्यासारखा ऐकू येतो. तुमच्याकडे वाहिन्यांची टंचाई नाही. तो कॉर्ड मोकळा करून वाजवा. दुसरी गोष्ट प्रतिध्वनी. यंत्रात रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी सोय) नव्हता, म्हणून दुसरी पल्स वाहिनी तीच धून जरा उशिरानं, कमी आवाजात वाजवायची. ती वेगळी सुरावट समजून मुलं उतरवून घेतात, तिला बासरी देतात आणि वर पुन्हा डीले (आवाज जरा उशिरानं पुन्हा ऐकवणारा इफेक्ट) लावतात. मग सगळं गढूळ होतं. ती ओळ काढून टाका आणि तिचं काम डीलेला करू द्या.

लय आठवणीवर सोडू नका. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसेट घालून खेळायचे जे टीव्ही गेम घरोघरी आले, ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे ५० हर्ट्झचे; जपान आणि अमेरिकेतले जवळजवळ ६० चे. त्या काळच्या गेममधलं संगीत सहसा पडद्यावरच्या प्रत्येक फ्रेमबरोबर एकेक पाऊल पुढे सरकायचं. त्यामुळे ५० वर चालणाऱ्या यंत्रात १५० बीपीएमची (मिनिटाला १५० ठोक्यांची) धून १२५ वर येते. पालसाठी बनवलेल्या अनेक नकली यंत्रांत पट्टी मात्र जवळपास तीच राहायची, म्हणून फरक कुणाला जाणवलाही नाही. आज मूळ धून ऐकून तिशी-चाळिशीतल्या माणसांना ती घाईची वाटते ती यामुळे. दोन्ही लयींवर रिमिक्स करता येतो. पण आपण कोणती धरली आहे ते माहीत असू द्या, नाहीतर मूळ तुकडे सॅम्पल करून जोडताना ठोके सुटतात. शिवाय सुपर मारिओ ब्रदर्ससारख्या गेममध्ये वेळ १०० च्या खाली गेला की धून वेग घेते. नेमका तेवढाच व्हिडिओ लावून लय मोजणारेही मी पाहिले आहेत.

मिडी फाइल घेतली, वाद्यं बदलली, झालं

हे झालं नाही. कुणीतरी तयार केलेली मिडी फाइल (तिच्यात आवाज नसतो, फक्त सुरांची नोंद असते) ओढली, प्रत्येक ट्रॅकला महागातलं वाद्य लावलं आणि खाली ड्रमचा लूप टाकला, तर त्याला वाद्यबदल म्हणता येईल. बढत त्यात कुठेच नाही. अशा फाइलींत बऱ्याचदा प्रत्येक सुराची व्हेलॉसिटी, म्हणजे जोर, १०० असते आणि प्रत्येक सूर ग्रिडवर (मात्रांच्या आखलेल्या रेघांवर) नेमका बसलेला असतो. आधी व्हेलॉसिटी हातानं फिरवा. वाक्यातला कोणता सूर जोराचा, कोणता टेकता, ते गाऊन बघा आणि मग आकडे बदला. 'ह्यूमनाइज'चं बटण दाबून हे होत नाही, कारण ते जोर कुठेही देतं.

तानपुरा आणि तबला चिकटवणं

भारतीय बाज द्यायचा मोह इथल्या मुलांना फार होतो आणि व्हायलाच हवा. पण त्यातले अपघात ठरावीक आहेत.

गेमच्या धुना बहुतेक कॉर्डवर चालतात, बेस जागा बदलत राहतो. समजा मूळ धुनेत बेस सा वरून कोमल नी आणि मग कोमल ध असा उतरतोय. वर तानपुरा सतत सा-प धरून बसलाय. कोमल धैवताचा कॉर्ड आला की तानपुऱ्याचा पंचम त्याला अर्ध्या सुरानं घासतो आणि दर चौथ्या बारला दाताखाली खडा आल्यासारखं होतं. यावर तीन मार्ग आहेत. तानपुऱ्यातून पंचम काढा. किंवा बेस मुद्दाम षड्जावर थांबवून कॉर्डच नवे बांधा. ही खरी बढत. किंवा तानपुराच नको. मध्येच धून दुसऱ्या पट्टीत जात असेल तर तिसऱ्या मार्गाला पर्याय नाही.

तबल्याचं दुखणं समेचं, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचं, असतं. तीनतालाच्या १६ मात्रा, धून चार-चारच्या चालीची, म्हणजे चार बारांत एक आवर्तन बसतं. गणित जुळलं म्हणून मुलं धुनेच्या पहिल्या सुरावर 'धा' ठेवून मोकळी होतात. पण कित्येक धुना बंदिशीच्या मुखड्यासारख्या समेच्या आधीच उचललेल्या असतात. एका मुलानं असाच रिमिक्स शेजारच्या काकूंना ऐकवला. काकू आयुष्यभर गाणं शिकवत आल्या आहेत, गेमचा रिमोट त्यांनी कधी हातात धरलेला नाही. त्या मांडीवर टाळी देत ऐकत होत्या. दुसऱ्या आवर्तनाला त्यांचा हात थांबला.

"सम कुठंय रे बाळा?"

"ही काय काकू, इथे."

"ती तुझ्या तबल्याची. गाण्याची तीन सूर पुढे आहे."

त्यानं ठेक्याचा ट्रॅक तीन सुरांएवढा पुढे सरकवला. बाकी कशाला हात लावला नाही, तरी धून जागेवर बसली.

पट्टी न जुळणं

फॅमिकॉममध्ये प्रत्येक सुराची उंची ११ बिटांच्या एका आकड्यावरून ठरते. खालच्या सुरांना पुरेसे आकडे मिळतात, वर जाऊ तसे दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर वाढत जातं आणि वरच्या सप्तकातले सूर कणसूर होतात. चिपच्या आवाजात ते गोड लागतं. त्याच्यावर घरची पेटी वाजवली की लगेच खटकतं. घरची जुनी पेटी तरी ४४० हर्ट्झच्या प्रमाण पट्टीवर असेलच असं कुठे आहे? आधी ट्यूनरवर पेटीचा धैवत किंवा जो सूर सोयीचा असेल तो मोजा आणि सॉफ्टवेअरमधलं ट्यूनिंग पेटीला मिळवा, कारण पेटी हलणार नाही. तबल्याचंही तेच. काळी एकमध्ये मिळवलेला तबला पांढरी पाचच्या धुनेवर ओढून नेला तर शाईचा नाद मरतो. त्या पट्टीचं दुसरं सॅम्पल शोधा किंवा धूनच दुसऱ्या पट्टीत न्या. रिमिक्समध्ये मूळ पट्टी सोडायला कुणाची हरकत नसते.

कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे दुपारी कूलर बंद करा असं सांगणं निर्दयपणाचं आहे. पण कूलरची घरघर नंतर नॉइज रिडक्शननं काढायला गेलात तर तबल्याच्या बोलांची शेपटी पाण्यात बुडाल्यासारखी होते. पहाटे पाच-साडेपाचला रेकॉर्ड करा. फोनवर करत असाल तर आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय बंद करता येईल असं ॲप वापरा. ती चालू राहिली तर दोन बोलांच्या मधल्या शांततेत खोलीचा आवाज फुगत जातो.

लूप संपतो, रिमिक्स संपत नाही

गेमची धून फिरत राहण्यासाठी लिहिलेली असते, तिला शेवट नसतो. तो तुम्हालाच बांधावा लागतो. तीनदा तेच फिरवून आवाज हळूहळू कमी करत नेणं म्हणजे शेवट टाळणं. तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) घ्या, लय निम्मी करा, एकाच वाद्यावर मुखडा एकदा मोकळा वाजवून थांबा, पण शेवट ठरवून करा.

आवाज फुगवणं

मास्टरवर (शेवटच्या एकत्र आवाजावर) लिमिटर, म्हणजे आवाजाची उंच टोकं दाबणारं साधन, दाबून सगळं भिंतीसारखं सपाट करण्यात काही मिळत नाही. यूट्यूब मोठ्या आवाजाच्या फाइली साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) खाली आणतं. तुमचा मोठेपणा तिथे जातो आणि दबलेपणा तेवढा उरतो. त्याआधी डग्गा आणि सिंथ बेस यांचं भांडण मिटवा. दोघंही १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली जागा मागतात. डग्गा बोलत असताना बेस क्षणभर दबू द्या, किंवा बेसची ओळ वेगळ्या मात्रांवर लिहा. मला दुसरा उपाय जास्त आवडतो, कारण तो संगीताच्या बाजूनं केलेला आहे. मग तीच फाइल फोनच्या स्पीकरवर लावा. तिथे खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. बेस पूर्ण नाहीसा होत असेल तर त्याला थोडं डिस्टॉर्शन द्या, म्हणजे त्याचे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराबरोबर वाजणारे उंच उपसूर) ऐकू येतील.

मत देताना

"भारी", "कडक", "पण काहीतरी कमी वाटतंय". या तिन्ही वाक्यांनी करणाऱ्याच्या हातात काहीच येत नाही. मत देणाऱ्यानं वेळ सांगावी आणि कारण सांगावं. उदाहरणार्थ: "०:४८ ला अंतरा संपतो, तिथपासून १:०४ पर्यंत नुसता ड्रम आहे. तेवढ्यात धून माझ्या कानातून निसटली. मुखड्याचे शेवटचे चार सूर तिथे कुठल्यातरी वाद्यावर ठेवले तर धागा राहील." हे वाचून माणूस त्याच संध्याकाळी कामाला लागू शकतो.

रचनेबद्दलचं मत आणि मिक्सबद्दलचं मत वेगवेगळं ठेवा. कल्पना सुंदर आणि मिक्स कच्चा, असं नवख्यांच्या बाबतीत सर्रास असतं. दोन्ही एकत्र झोडपलं की मुलगा सुधारता येण्यासारख्या मिक्सपायी चांगली कल्पना टाकून देतो. हे मी होताना पाहिलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. आवडीनिवडीवरून निवाडा तर करूच नका. तुम्हाला मेटल आवडत नसेल तर त्या रिमिक्सवर मत देण्याचं काम मेटल ऐकणाऱ्याला द्या.

मूळ धुनेवर जीव असलेल्या श्रोत्याला प्रत्येक बदल खुपतो, आणि मूळ न ऐकलेल्याला अस्ताई लपली आहे हे कळत नाही. म्हणून दोन्ही प्रकारची माणसं गाठा. दुसऱ्या प्रकारची या गावात मुबलक आहेत. माधव संगीत महाविद्यालय इथे १९१८ पासून आहे, डिसेंबरात तानसेन समारोह होतो, २०२३ मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. गल्लीगल्लीत तयार कानाचं कुणीतरी भेटतं. हे कशावरून केलंय ते त्यांना सांगत बसू नका. आधी फक्त ऐकवा आणि संपल्यावर मुखडा गुणगुणून दाखवायला सांगा. गुणगुणता आला तर अस्ताई पोचली.

मत ऐकून घेणाऱ्यानं प्रत्येक मुद्द्याला "ते मी मुद्दाम केलंय" असं उत्तर देऊ नये. वहीत वेळ आणि मुद्दा लिहून घ्यावा, बस. वेगवेगळ्या तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असेलही, पण जागा नक्कीच बिघडलेली आहे. दुरुस्तीनंतर जुनी आणि नवी फाइल शेजारी लावून ऐकाल तेव्हा दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. जरा मोठ्यानं वाजणारी फाइल कानाला नेहमीच चांगली वाटते, आणि नुसता फेडर (आवाज कमी-जास्त करणारा सरकता दांडा) वर गेलेला असताना माणूस सुधारणा झाली असं धरून चालतो.

रिमिक्स लोकांपुढे ठेवताना गेमचं नाव, धुनेचं नाव आणि मूळ संगीतकाराचं नाव लिहा. जुन्या जपानी गेमच्या श्रेयनामावलीत पुष्कळदा टोपणनावं असतात, तेव्हा खरं नाव शोधण्याचे कष्ट घ्या. धून मुळात कुठून आली तेही बघा. गेम बॉयवर १९८९ साली आलेल्या टेट्रिसची गाजलेली धून हे रशियन लोकगीत आहे. लोकगीत सगळ्यांचं असलं तरी गेममधली त्याची मांडणी सगळ्यांची नाही. विक्रीचा विचार असेल तर हक्क कुणाकडे आहेत ते पाहून, परवानगी घेऊनच पुढे जा.