अ‍ॅफिलिएट प्रोग्रॅम निवडताना कमिशनचा आकडा शेवटी बघा

अ‍ॅफिलिएट प्रोग्रॅम म्हणजे तुमच्या लिंकवरून कंपनीची वस्तू विकली गेली की तुम्हाला कमिशन देणारी योजना. तिच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक असतो तो कमिशनचा टक्का. आपली नजर नेमकी तिथेच अडकते. क्लिकपासून तुमच्या खात्यापर्यंत येताना त्यातलं किती गळतं, हे मात्र अटींच्या पानावर बारीक अक्षरांत दडलेलं असतं. म्हणून तपासणी उलट्या टोकाने करा.

आधी एक झटपट चाळणी. सामील होण्यासाठी फी मागत असतील, किंवा विक्रीपेक्षा माणसं जोडण्याचेच पैसे मिळत असतील, तर पुढचं काही वाचू नका. तो साखळीचा धंदा आहे.

मग स्वतः ग्राहक व्हा. ती वस्तू विकत घ्या, शक्य असेल तर परतही करून बघा. पैसे भरण्याच्या पानावर कूपनची मोठी चौकट आहे का, तेही पाहा. ती दिसली की ग्राहक कूपन शोधायला बाहेर जातो, दुसऱ्याच्या लिंकवरून परत येतो आणि शेवटच्या क्लिकचा नियम असेल तर तुमचं कमिशन त्या दुसऱ्याला मिळतं. मेहनत तुमची, मलई त्याची!

आता कुकीची (क्लिकची खूण म्हणून ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीची) मुदत, म्हणजे क्लिकनंतर किती काळात झालेली खरेदी तुमच्या नावावर धरली जाते. अ‍ॅमेझॉनकडे ही मुदत साधारण 24 तासांची असते. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली गेली, तर 90 दिवसांपर्यंत. काही प्रोग्रॅम सरसकट 30 किंवा 90 दिवस लिहितात, पण सफारीसारखे ब्राउझर जावास्क्रिप्टने, म्हणजे पानावरच्या कोडने, ठेवलेल्या कुकी 7 दिवसांतच पुसतात, कधी त्याहूनही लवकर. म्हणून ट्रॅकिंग फक्त ब्राउझरमधल्या कुकीवर चालतं की सर्व्हरवरूनही होतं, हे विचारून घ्या.

यानंतर आकडेमोड. समजा दोन्हीकडे वस्तूची किंमत 1000 आहे. पहिला प्रोग्रॅम 30 टक्के देतो, पण 200 क्लिकमागे एकच विक्री होते आणि निम्मा माल परत येतो. म्हणजे 100 क्लिकमागे हाती 75. दुसरा फक्त 8 टक्के देतो. पण 100 क्लिकमागे 3 विक्री होतात आणि दहातली एकच परत येते. म्हणजे 216. नेटवर्कवर, म्हणजे अनेक प्रोग्रॅम एकाच ठिकाणी देणाऱ्या साइटवर, दिसणारा ईपीसी, म्हणजे क्लिकमागची कमाई, हेच सांगतो. तो एका क्लिकचा आहे की शंभरचा, एवढं तपासा. शिवाय ती सरासरी असते. दोन-चार मोठ्या कूपनवाल्यांमुळे ती फुगलेली असू शकते.

पैसे कधी सुटतात? परताव्याची मुदत संपेपर्यंत कमिशन अडकून राहतं, त्यावर किमान रकमेची अट. ती रक्कम गाठायला तुम्हाला वर्ष लागणार असेल, तर प्रोग्रॅम कितीही चांगला असो, तुमच्या कामाचा नाही. खातं बंद होण्याचे नियमही वाचा: अ‍ॅमेझॉन 180 दिवसांत 3 पात्र विक्री मागतं. स्वतःच्या लिंकवरून खरेदी, ईमेलमध्ये लिंक, ब्रँडच्या नावावर सर्च जाहिरात यांवर बहुतेक ठिकाणी बंधनं असतात, आणि ती मोडली तर जमलेलं कमिशनही जाऊ शकतं.

दर बदलण्याचा हक्क कंपनीकडे असतोच. एप्रिल 2020 मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरचं कमिशन 8 वरून 3 टक्क्यांवर आणि किराण्याचं 5 वरून 1 टक्क्यावर आणलं. एकाच प्रोग्रॅमवर विसंबलेल्यांना याचा चांगलाच फटका बसला. बदलाची पूर्वसूचना किती दिवस आधी देणार, हे अटींत शोधा.

शेवटी अ‍ॅफिलिएट मॅनेजरला, म्हणजे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या माणसाला, एक प्रश्न लिहून पाठवा: गेल्या तीन महिन्यांत किती टक्के कमिशन रद्द झालं आणि का? आकडा आला तर उत्तम. गुळमुळीत उत्तर आलं, तर दोन-तीनच लिंक टाकून महिनाभर थांबा आणि तुमच्याकडे मोजलेले क्लिक त्यांच्या डॅशबोर्डशी ताडून पाहा.