अतिवाहक वीजवाहिनीचा सांधा कसा तपासावा

संमीलन (अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवणे) संशोधनाच्या यंत्रांतील अतिवाहक, म्हणजे अतिथंड तापमानाला रोधाशिवाय वीज वाहून नेणाऱ्या, वाहिनीची सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती तिच्या सांध्यांपाशी. १९ सप्टेंबर २००८ रोजी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या कणत्वरकात (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) असाच एक सदोष सांधा तापला, विद्युत ज्वाला पेटली आणि कित्येक टन हेलियम बोगद्यात सुटला. ते संमीलनाचे यंत्र नव्हते. पण तेथे चुंबकांना धारा पुरवणारी वाहिनी संमीलन यंत्रांतल्याच जातीची, नायोबियम-टायटॅनियम या अतिवाहक मिश्रधातूची होती. भारत भागीदार असलेल्या फ्रान्समधील आयटर या संमीलन प्रकल्पात टोरॉइडल (कड्याच्या आकाराचे क्षेत्र निर्माण करणाऱ्या) चुंबकांसाठी ६८,००० अँपिअर धारा ठरलेली आहे. एवढ्या धारेला सांध्याचा रोध अवघा २ नॅनोओहम (ओहमचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोओहम) असला, तरी सुमारे ९ वॉट उष्णता निर्माण होते, आणि ४.५ केल्विन (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस) तापमानाला ती काढून टाकण्यासाठी शीतयंत्राला तिच्या शेकडो पट वीज खर्चावी लागते.

ही तपासणी रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही लहान प्रमाणावर शिकता येते. त्यासाठी ४ मिलिमीटर रुंदीची उच्चतापमान अतिवाहक पट्टी (द्रव नायट्रोजनच्या तापमानालाही अतिवाहक राहणारी) आणि ७७ केल्विनचा (सुमारे उणे १९६ अंश सेल्सिअस) द्रव नायट्रोजन पुरतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो वापरला जात असल्याने त्याचा पुरवठादार शोधणे फारसे अवघड नाही.

पट्ट्यांच्या अतिवाहक थराच्या बाजू समोरासमोर ठेवून ५ सेंटिमीटर लांबीचा सांधा कथील-शिशाच्या डाखाने जोडावा. हा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. तापमान २५० अंशांपर्यंत चढू देऊ नये, कारण त्याने अतिवाहक थर बिघडू शकतो. खाऱ्या हवेने जाड तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, तो घासून काढावा. पट्टीवरील तांबे मात्र अत्यंत पातळ असते, म्हणून ती अल्कोहोलने नुसती पुसावी.

रोध चार तारांच्या पद्धतीनेच, म्हणजे धारेसाठी दोन आणि विभवांतर (व्होल्टेज) मोजण्यासाठी दोन वेगळ्या तारा लावून, मोजावा. धारा १० पासून ५० अँपिअरपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवावी, प्रत्येक टप्प्यावर तिची दिशा उलटवून विभवांतर पुन्हा घ्यावे, म्हणजे तापमानातील फरकामुळे तारांत निर्माण होणारे विभवांतर वजा होते, आणि आलेखाच्या उतारावरून रोध काढावा. ५० नॅनोओहमच्या सांध्यावर ५० अँपिअरला जेमतेम २.५ मायक्रोव्होल्ट मिळतात, त्यामुळे साधा मल्टिमीटर येथे निरुपयोगी ठरतो.

एकाच मोजणीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. सांधा पुन्हा पुन्हा थंड करून खोलीच्या तापमानाला आणावा आणि दर फेरीला रोध नोंदवावा. पावसाळ्यात बाहेर काढताच त्यावर हिम धरून पाणी सुटते, म्हणून पुढच्या फेरीआधी तो कोरड्या हवेच्या झोताने पूर्ण सुकवावा. रोध फेरीगणिक वाढत असेल, तर डाखाला तडे जात असण्याची शक्यता मोठी असते. असा सांधा, आकडा अजून लहान असला तरी, नाकारावा.

एक लिटर द्रव नायट्रोजनपासून सुमारे ७०० लिटर वायू तयार होऊन खोलीतील प्राणवायूचे प्रमाण घटते, म्हणून बाहेर मुसळधार पाऊस असला तरी खिडक्या उघड्याच ठेवाव्यात.